अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

रेस संपल्यावर पहिला अर्धा तास मला नुसतं बघत उभं राहावं लागतं. गाड्या पार्क फर्मेत लावलेल्या असतात. तपासनीसांची वजनं-मापं उरकेपर्यंत टीममधल्या कुणीही गाडीला बोट लावायचं नाही, असा नियम आहे. पलीकडे बक्षिसं, फोटो, आरडाओरडा. मी दोरीच्या अलीकडून टायर पाहतो.

पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला रबराच्या बारीक वळ्या जमल्या असतील तर तो टायर वळणात आडवा घासत गेलेला आहे. म्हणजे स्टीअरिंग वळलं, पण नाक वळलं नाही. एकाच जागी सपाट चट्टा पडला असेल तर तिथे ब्रेक लावताना चाक जाम झालं होतं. ही गोष्ट ड्रायव्हर हमखास सांगायची विसरतो. मात्र वर चिकटलेलं काळं, खडबडीत रबर आधी मनातून खरवडून टाकायचं. ते झेंडा पडल्यानंतरच्या सावकाश लॅपमध्ये ट्रॅकच्या कडेने येताना गोळा झालेलं असतं. फॉर्म्युला वनवाले तर ते मुद्दाम गोळा करतात, वजनकाट्यावर तेवढाच आधार. नवखा इंजिनिअर त्यालाच झीज समजून अर्धा तास व्याख्यान देतो.

माझं काम म्हणजे रेसमधला डेटा वाचायचा आणि कुठे गाडी कमी पडली, कुठे ड्रायव्हर, ते सांगायचं. आमच्याकडे ड्रायव्हरने तक्रार केली की मेकॅनिक लोक गालात हसतात: नाचता येईना, अंगण वाकडं. बऱ्याचदा तसं असतंही. पण या धंद्यात अंगण खरोखर वाकडं असू शकतं, दोन मिलिमीटरने का होईना, आणि मग नाचणाऱ्याला हसून चालत नाही.

लॅपटॉप उघडण्याआधी ड्रायव्हरला बोलू द्यायचं, ही सवय मी कटाक्षाने पाळतो. एकदा का त्याने ग्राफ पाहिला की त्याची आठवण ग्राफच्या मागून चालायला लागते. त्याच्या अंगाला जे कळलं ते आधी हवं. त्याला जाणवलेलं बहुधा खरं असतं, त्याने काढलेलं कारण बहुधा चुकीचं. आणि जिंकून आलेल्याला तर काहीच आठवत नाही. बेअरिंग शेवटच्या घटका मोजत असलं तरी तो म्हणतो, गाडी एक नंबर होती.

कोईमतूरजवळच्या चेट्टीपाळयमच्या करी ट्रॅकवरची एक सकाळ सांगतो. आमचा पोरगा चौथा चालला होता. शेवटच्या काही लॅप उरल्या असताना सरळपट्टीच्या टोकाला ट्रॅकबाहेर गेला आणि सातवा आला. हेल्मेट काढतानाच म्हणाला, "सर, ब्रेक गेले."

"गेले म्हणजे? पेडल खाली बसलं की दगड झालं?"

हा प्रश्न आधी, बाकी सगळं नंतर. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर बहुधा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. पेडल टणक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड तापून गुळगुळीत झालेले असतात. दोन्हींचं औषध वेगळं.

"खाली गेलं," तो म्हणाला. "पण एकदाच. परत दाबलं तर लागले की."

हा तिसरा प्रकार. उकळलेलं ऑइल एका दाबात बरं होत नाही. पहिल्यांदा पेडल खाली जातं आणि दुसऱ्यांदा लागतं, तेव्हा पॅड डिस्कपासून लांब सरकलेले असतात. चाकाच्या बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला, चाकाला दणका बसला, की डिस्क डुगडुगते आणि पॅडना मागे ढकलते. मग पहिला दाब ते अंतर भरून काढण्यातच जातो. ताशी दीडशेच्या पुढे असताना एक दाब वाया जाणं म्हणजे काय, ते आमच्या पोराला कळलंच होतं.

"त्याच्या आधीच्या वळणावर काय केलंस?"

"काही नाही सर. नेहमीसारखंच."

आता लॅपटॉप. वर-खाली धक्के मोजणाऱ्या सेन्सरची रेघ त्या वळणातून बाहेर पडताना पिसाटली होती. पठ्ठ्या कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून गेला होता, दोन्ही डावी चाकं पार पलीकडे टाकून. पुढे सरळपट्टीवर सगळं शांत, आणि मग ब्रेकच्या दाबाची रेघ: एक बुटकं टेकाड, मध्ये बारीकशी दरी, मग नीट उंच डोंगर. त्या दरीतच त्याच्या तीन जागा गेल्या. गाडी हातात आल्यावर आमच्या तमिळ फिटर अण्णांनी ती जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक वर-खाली धरून हलवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. प्ले होता.

आता हा दोष कुणाच्या खात्यावर मांडायचा? बेअरिंग आधीच ढिलं होतं. ते आदल्या रात्री पकडायला हवं होतं, तो भाग टीमचा. कर्बचा दणका ड्रायव्हरचा. पण त्या दरीत त्याने घाबरून स्टीअरिंग ओढलं नाही, लगेच दुसरा दाब दिला, दोन गिअर उतरवले, भिंत टाळून रेतीच्या कडेने गाडी परत ट्रॅकवर आणली. निकालाच्या कागदावर यातलं काही नाही. तिथे फक्त सातवा.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 साली भारतातली पहिली फॉर्म्युला वन रेस झाली, तेव्हा फेलिपे मासाचं असंच झालं. वळणाच्या आतल्या बाजूच्या नारिंगी उंचवट्यावर चाक गेलं आणि शनिवारच्या क्वालिफाइंगमध्ये त्याच्या फेरारीचं पुढचं सस्पेन्शन मोडलं. रविवारी रेसमध्ये पुन्हा कर्ब, पुन्हा सस्पेन्शन, आणि खेळ खलास. रेस सोडण्याचं कारण म्हणून तक्त्यात सस्पेन्शनच लिहिलं जातं. माझ्या मते पहिल्या दिवशीचा दोष वाटून घ्यावा, दुसऱ्या दिवशीचा बहुतेक सगळा ड्रायव्हरला द्यावा. बाकीचे त्याच उंचवट्यांशेजारून साठ लॅप फिरत होते.

निकालाच्या कागदापेक्षा लॅपच्या वेळांचा कागद कामाचा, पण तोही जपून वाचावा लागतो. 2010 पासून फॉर्म्युला वनमध्ये रेस चालू असताना पेट्रोल भरता येत नाही. सुरुवातीला गाडी जड, शेवटी हलकी. दहा किलो कमी झालं की लॅपला साधारण तीन दशांश सेकंद वाचतो. उलट्या बाजूने टायर झिजून वेळ खात असतात. म्हणून एखाद्याच्या वेळा रेसभर एकसारख्या दिसल्या तर तो नुसता रमतगमत चाललाय असं समजू नये. झीज आणि हलकेपणा यांचा हिशेब तो पायाने जुळवत असतो.

2013 च्या बुद्धवरच्या रेसमध्ये सगळ्यात वेगवान लॅप किमी रायकोनेनची, आणि तो आला सातवा. झिजलेल्या टायरवर खूप वेळ रेटून, मागे पडून, शेवटी शेवटी त्याने नवे टायर घेतले. हलकी गाडी आणि ताजं रबर, लॅप वेगवान होणारच. त्याचाच लोटसमधला जोडीदार रोमाँ ग्रोजाँ सतराव्या जागेवरून निघून तिसरा आला, तेही टायर बदलायला एकदाच थांबून. आता सतरावा जो होता तो क्वालिफाइंगमध्ये टीमने टायर निवडताना केलेल्या जुगारामुळे. गाडी काही सतराव्या नंबरची नव्हती. तेव्हा चौदा जागांच्या चढाईतल्या काही जागा त्याच्या हक्काच्याच होत्या. मला ती चढाई तेवढी मोठी वाटत नाही; त्या टायरवर शेवटपर्यंत पुढचं चाक न घासता काढलेल्या लॅप मोठ्या वाटतात. टाळ्या अर्थातच चढाईला पडल्या.

त्याच्या आदल्या वर्षी बुद्धवरच मार्क वेबरचा केर्स बंद पडला. या यंत्रणेतून लॅपला सहा-साडेसहा सेकंद ऐंशी अश्वशक्ती जास्तीची मिळायची. ती गेली आणि लांबलचक सरळपट्टीवर अलोन्सोने त्याची दुसरी जागा घेतली. अशा वेळी मी अलोन्सोने कुठे गाठलं हे बघत नाही. त्याआधी वेबरने त्याला किती लॅप मागे ठेवलं, ते मोजतो.

बिघाडात ड्रायव्हर उघडा पडतो, चांगल्या अर्थानेही. 1994 मध्ये बार्सिलोनात शूमाकरची बेनेटन पाचव्या गिअरमध्ये अडकली. पिटमधून सुटतानासुद्धा पाचवाच. त्याने ओळ बदलली, वळणात वेग पडू दिला नाही, इंजिन दम तोडणार नाही एवढे फेरे राखले आणि डेमन हिलच्या मागे दुसरा आला. त्याआधी त्याच मोसमात जिंकलेल्या चारही रेसपेक्षा मी नव्या मुलांना ही दुसऱ्या नंबरची रेस दाखवतो. गाडी ठणठणीत असती तर त्याला किती प्रकारे वळण घेता येतं ते कुणाला कळलंच नसतं.

सगळ्यांना एकसारख्या गाड्या दिल्या की प्रश्न मिटतो, असं बाहेरच्यांना वाटतं. एकाच कंपनीच्या गाड्यांच्या रेसमध्येही दोन गाड्या कधी सारख्या नसतात. म्हणून मी जोडीदाराच्या रेघेवर रेघ ठेवतो, पण प्रत्येक वळण वेगळं बघतो. सगळ्या वळणांत थोडाथोडा मागे असेल तर संशय गाडीवर. एकाच वळणात बराच मागे असेल तर पोराशी बोलायचं.

करीवर त्या दिवशी दुपारी दुसरी रेस होती. मुलाचे वडील पुण्याहून आले होते. मोसमाचे लाखो रुपये तेच भरतात. चहाचा कप हातात देत त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, गाडी की पोरगा?"

"कर्ब पोराचा, बेअरिंग आमचं," मी म्हणालो. "आणि भिंतीला लागली नाही, ते पुन्हा पोराचं."

त्यांना एका शब्दात उत्तर हवं होतं, ते मिळालं नाही. मुलाला मी एवढंच सांगितलं की सरळपट्टीवर ब्रेकआधी डाव्या पायाने पेडलला हलकी टिचकी मारत जा, पॅड सरकले असले तर जागेवर येतात. अण्णांनी बेअरिंग नवं टाकलं.

दुपारचा ग्राफ माझ्याकडे आहे. प्रत्येक लॅपला सरळपट्टीवर दाबाचं एक बारीक टेंगूळ दिसतं. टिचकी त्याने एकदाही चुकवली नाही. कर्बवरून मात्र तो तसाच जात राहिला. तिथे लॅपला दीड दशांश वाचतो, आणि तेही त्याच ग्राफवर दिसत होतं.