हवेचा हिशेब

पिकअपला कॉम्प्रेसर बसवून घ्यायला आलेला मालक बहुतेक वेळा एकच आकडा घेऊन येतो: दीडशे पीएसआय. खोक्यावर तोच ठळक छापलेला असतो. ऑफरोड गाड्यांचं काम करणारा जाणता मिस्त्री मात्र तो आकडा बाजूला ठेवतो आणि विचारतो, गाडी जाणार कुठे?

जैसलमेरजवळ समच्या वाळूत जायचं असेल, तर टायरमधली हवा पस्तीसवरून अठरा पीएसआयपर्यंत उतरवावी लागते. टायर खाली पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी रुतत नाही. पण डांबरी रस्त्यावर परतताना ती हवा पुन्हा भरणं भागच असतं, कारण मऊ टायर वेगात तापतो आणि फाटतो. टोयोटा हायलक्सला चालणाऱ्या २६५/६५ आर १७ मापाच्या टायरच्या पोटात साधारण ६५ ते ७० लिटर जागा असते. अठराचे पस्तीस करायला प्रत्येक टायरमध्ये बाहेरची जवळपास ८० लिटर हवा कोंबावी लागते. चार टायरना सव्वातीनशे लिटर.

हिशेब इथून सुरू होतो. यंत्र १५० पीएसआय गाठो की १००, टायरला लागतात पस्तीसच. विचारायचं ते हे, की मिनिटाला किती लिटर आणि सलग किती वेळ. ऑस्ट्रेलियातल्या एआरबी कंपनीचा एका मोटरचा कॉम्प्रेसर समोर दाब नसताना मिनिटाला सुमारे ६२ लिटर हवा देतो, दोन मोटरांचा १७४. टायरचा दाब चढू लागला की दोन्ही आकडे घसरतात. म्हणजे पहिल्याला चार टायरना आठ-दहा मिनिटं, दुसऱ्याला तीनेक मिनिटं. पाच गाड्यांच्या ताफ्यात हवा भरण्याचं काम एकाच गाडीवर आलं, की हा फरक उन्हात उभ्या असलेल्या प्रत्येकाला जाणवतो. तिथे ड्यूटी सायकलही बघावी लागते. ३३ टक्के लिहिलेलं यंत्र एक भाग काम करतं आणि दोन भाग थंड होत बसतं.

मग मालक टाकी मागतो. लांबच्या ट्रकचे ड्रायव्हर एअर ब्रेकच्या टाकीला पाइप जोडून टायर भरतात, हे त्याने पाहिलेलं असतं. पण ट्रकचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो आणि टाक्याही मोठ्या असतात. पिकअपचे ब्रेक हायड्रॉलिक, तिथे ही सोय मुळातच नाही. हौद्याखाली बसवलेल्या चार लिटरच्या टाकीत दीडशे पीएसआयला भरलेल्या हवेपैकी टायरच्या कामाची जेमतेम तीस लिटर निघते. एक टायरही अर्धा होत नाही. रिमवरून सुटलेला टायर एका झटक्यात बसवायला किंवा धूळ झाडायला ती टाकी उपयोगी. ती घेतलीच, तर तळाचं पाणी काढायचा कॉक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवेतच.

कॉम्प्रेसर ठरला की मिस्त्रीचं अर्धं काम उरतं, आणि तेच त्याला सर्वांत प्रिय असतं. दोन मोटरांचं यंत्र भर जोरात साठेक अँपिअर करंट ओढतं. बॅटरीपासून तीन मीटर लांब बसवून सहा चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तर जाऊन-येऊन व्होल्टभर वाटेतच जातो. मोटर मंदावते, वायर गरम होते. सोळाची वायर घातली तर हे नुकसान निम्म्याहून कमी होतं. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ, रिलेवर चालणारा स्विच केबिनमध्ये, आणि हवा भरताना इंजिन चालू. बॉनेटखाली जागा सोयीची, पण उष्णता जास्त. हौद्यात गारवा, पण धूळ आणि पाणी. यंत्र कुठेही बसवा, हवा ओढणारा फिल्टर उंच आणि कोरड्या जागी न्यावा. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा भाजण्याइतकी तापलेली असते, म्हणून पहिला तुकडा साध्या रबरी पाइपचा नको, स्टीलच्या जाळीचा हवा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी तो आणखी एक गणित मांडतो. ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असतो. तेच यंत्र, तीच वायर, तरी त्याच कामाला जवळपास दीडपट वेळ लागतो. पुण्यात पस्तीस भरलेला टायर तिथे त्याच तापमानाला एकोणचाळीसच्या आसपास दाखवतो. खालच्या वेळेच्या भरवशावर वर गेलेला मालक यंत्र बिघडलं असं समजतो.

वर्षातून एखाद्या वेळी वाळूत किंवा चिखलात जाणाऱ्याला तो बसवलेलं यंत्र विकतच नाही. बॅटरीला चिमटे लावून चालणारा सुटा कॉम्प्रेसर, चांगला गेज आणि पंक्चर किट त्याला पुरतं. उरलेले पैसे तो टायरवर घालायला सांगतो. ज्याला खरंच गरज आहे, त्याची गाडी मात्र मालकासमोर चारही टायर उतरवून पुन्हा भरल्याशिवाय गॅरेजबाहेर जात नाही. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारलं जातं आणि मोटर पूर्ण जोरात असताना तिच्या टोकाशी मल्टिमीटर लावून आलेलं व्होल्टेज बिलावर लिहिलं जातं.