छेदातला ऑक्सिजन

सूर्यप्रकाशातून कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्यांचा खरा आधार ऑक्सिजन असतो, हे सांगितलं की ऐकणारा बुचकळ्यात पडतो. मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवा उपकरणात ओढून मोजली. आम्ही हवेला हात लावत नाही. आरसा सूर्यावर रोखायचा, प्रकाश इंटरफेरोमीटरमध्ये घ्यायचा आणि अवरक्त भागात, १.६ मायक्रोमीटरच्या आसपास, वाटेत किती प्रकाश हरवला ते वर्णपटात पाहायचं. कार्बन डायऑक्साइडचे रेणू जितके जास्त, तितक्या तिथल्या काळ्या रेषा खोल. हाती येतो तो जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या अख्ख्या स्तंभाचा हिशेब.

पण नुसते रेणू मोजून भागत नाही. हवेचा दाब बदलला की तेही वाढतात-घटतात. म्हणून त्याच वर्णपटातून, १.२७ मायक्रोमीटरपाशी, ऑक्सिजनही मोजायचा. कोरड्या हवेत तो २०.९५ टक्के, जवळजवळ ठाम. कार्बन डायऑक्साइडला ऑक्सिजननं भागून ०.२०९५ नं गुणलं की प्रमाण मिळतं. या भागाकाराचं मला अजून अप्रूप आहे. आरसा किंचित ढळला, घड्याळ काही सेकंद चुकलं, तरी अंश आणि छेद जवळपास सारखेच चुकतात आणि उत्तर बरंचसं सावरतं.

असं सावरलेलं उत्तर बघून शेफारायचं मात्र नाही. म्हणून ऑक्सिजन आम्ही वायुदाबमापकाशी वेगळा ताडून बघतो. या दोहोंचं गुणोत्तर दिवसभर सपाट राहायला हवं. सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे झुकलं तर माझा पहिला संशय घड्याळावर. आणि नेम चुकला असेल तर चुगली खुद्द सूर्य करतो. तो स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. रोख कडेकडे गेला की सूर्याच्या स्वतःच्या रेषा पृथ्वीच्या हवेतल्या रेषांच्या मानानं सरकतात. इतका प्रामाणिक सहकारी प्रयोगशाळेत मिळणं कठीण.

याच पद्धतीनं मोजणाऱ्या मोठ्या यंत्रांचं टीकॉन हे जाळं २००४ साली विस्कॉन्सिनमधल्या पार्क फॉल्सपासून सुरू झालं. ती यंत्रं बारीक रेषाही सुट्या दाखवतात, पण हलवायची सोय नाही. आमचं ईएम२७/सन हे छोटं यंत्र दोघांनी उचलून गच्चीवर नेता येतं. रेषा मात्र त्याला धूसर दिसतात. २०१४ च्या उन्हाळ्यात अशी पाच यंत्रं बर्लिनभोवती मांडली होती. वारा शहरात शिरतो तिथली हवा आणि बाहेर पडतो तिथली हवा, यांतला फरक दहा लाखांत एखाद्या भागाचा, तोही चारशेच्या पार्श्वभूमीवर. त्यासाठी मोहिमेच्या आधी आणि नंतर पाचही यंत्रं कार्ल्सरुहला शेजारी-शेजारी उभी केली. मला विचाराल तर खरं काम हेच. दोन यंत्रांत कायमचा फरक असला तर चालतो, तो वजा करता येतो. आज एक आणि उद्या दुसरा निघाला, तर त्या आकड्यात बर्लिन किती आणि यंत्र किती, हे कुणालाच सांगता येत नाही.