खटका

आमच्या भाषेंत ‘खटका’ हा शब्द मोठा दुतोंडी आहे. दिव्याचा खटका दाबतात, आणि बापलेकांत खटका उडतो. या दोन अर्थांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें गेल्या पावसाळ्यापर्यंत माझ्या मनांतहि आलें नव्हतें.

माझा मुलगा इलेक्ट्रिक गिटार वाजवितो. या वाद्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. तारांखालच्या लोहचुंबकावर गुंडाळलेल्या वेटोळ्यांत जो क्षीण प्रवाह उठतो, तो ॲम्प्लिफायरनें वाढविला म्हणजेच शेजाऱ्यांना कळतें कीं या घरांत वाद्य आहे! चांगली चालू नोकरी सोडून मित्रांच्या वाद्यवृंदांत जाण्याचा बेत त्यानें एके रात्रीं सांगितला, आणि आमचा खटका उडाला. पुढें तीन आठवडे आम्ही एकमेकांशीं बोललों नाहीं. निरोप्याचें काम त्याच्या आईकडे आलें.

समेटाचें बोलणें मला कधींच साधलेलें नाहीं. पण लहानपणीं वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून पाहण्याच्या नादांत डाग देण्याचें कसब मात्र हातांत आलें होतें. तेव्हां मीं त्याला ॲम्प्लिफायर करून देण्याचें ठरविलें. नमुना घेतला तो अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’चा, १९५० नंतरच्या दशकांतला, तीन व्हॉल्व्हचा, जेमतेम ५ वॅटचा. ट्रान्स्फॉर्मर, कंडेन्सर, स्पीकर, सारें भराभर ठरलें. अडलों तो खटक्यापाशीं.

कित्येक मोठ्या ॲम्प्लिफायरना दोन खटके असतात. पहिल्यानें व्हॉल्व्हची तार तापते. दुसऱ्यानें, म्हणजे ‘स्टँडबाय’नें, मागाहून उच्च दाबाची वीज सोडतात. मलाहि दोन खटक्यांचा रुबाब हवा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकर मार्ग असें नांव मिळून किती वर्षें लोटलीं, तरी विजेचें सामान घ्यायला जाणारा लॅमिंग्टन रोडलाच जातो. तेथील एका वृद्ध दुकानदारानें माझ्यापुढें खटक्यांची रासच ओतली. मीं एक देखणा टॉगल उचलला. अंगावर आंकडा होता : २५० व्होल्ट, ३ अँपिअर.

“कशाला लावणार?” त्यांनीं विचारलें.

“साडेतीनशे व्होल्ट डीसी.”

“मग ठेवा तो खालीं. हा आंकडा एसीचा आहे. जोडायला कोणताहि खटका चालतो, साहेब. परीक्षा होते ती तोडतांना.”

स्वतःचा विक्रा बुडवून त्यांनीं मला जें समजावून दिलें, तें असें. खटका उघडतांना त्याच्या दोन टोकांमध्यें ठिणगी पडते. घरांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनें घेते, म्हणजे तिचा प्रवाह सेकंदांत १०० वेळां शून्यावर येतो. त्या क्षणीं ठिणगी आपोआप विझते. डीसीला अशी उसंतच नसते. टोकें दूर जात असतांहि ठिणगी चिवटपणें टिकून राहते आणि तीं जाळीत सुटते. म्हणून २५० व्होल्ट एसी सहज तोडणाऱ्या पुष्कळ खटक्यांची डीसीची मर्यादा अवघी ३० व्होल्टांच्या आसपास असते. चांगल्या खटक्याच्या पोटांत स्प्रिंग असते ती याचसाठीं; आपलें बोट घुटमळलें, तरी टोकें झटकन् सुटावीं.

आगगाडींत बसल्यावर मला आमचें भांडण आठवलें. तेंहि एका घावांत तुटलें नव्हतें. तीन आठवडे आम्ही दोघे ती ठिणगी जपून होतों.

घरीं आल्यावर शांतपणें विचार केला. वडिलांच्या रेडिओला एकच खटका होता, तोहि आवाजाच्या गुंडीवरच; आणि तो रेडिओ कित्येक वर्षें गात राहिला. मूळच्या चॅम्पलाहि स्टँडबाय नाहीं. एवढ्या लहान व्हॉल्व्हना त्याची गरजच नसते. मीं तो रुबाब सोडून दिला.

मुख्य खटक्यांत मात्र काटकसर केली नाहीं. आपल्या घरांतील सॉकेटांत फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली पुष्कळदां आढळते. अशा जागीं एकच तार तोडणारा खटका न्यूट्रल तोडतो. यंत्र बंद दिसतें, पण आंत फेज तशीच पोंचलेली असते. म्हणून दोन्ही तारा एकदम तोडणारा, डबल पोल खटका घेतला. अमेरिकेंतील कित्येक जुन्या ॲम्प्लिफायरना दोनच पायांचे प्लग असत. मीं तीन पायांचा लावून अर्थिंगची तार लोखंडी सांगाड्याला बोल्टानें आवळली. कारण गिटारच्या तारा केबलमधून त्या सांगाड्यालाच जोडलेल्या असतात, आणि त्या तारांवर वाजविणाऱ्याचीं बोटें असतात. बोल्ट आवळतांना तीं बोटें माझ्या डोळ्यांपुढें आलीं. त्याच्या भवितव्याची चिंता मीं तीन आठवडे केली होती. त्याच्या बोटांची आज प्रथमच केली.

एक गोष्ट राहिली होती. खटका बंद केला तरी कंडेन्सरांत साडेतीनशे व्होल्टांचा साठा उरूं शकतो, आणि आंत हात घालणाराला तो ओळखदेख दाखवीत नाहीं. त्यासाठीं मीं २,२०,००० ओहमचा एक रेझिस्टन्स कायमचा जोडला. त्यांतून तो साठा अर्ध्या मिनिटांत निमूटपणें ओसरून जातो.

यंत्र तयार झालें त्या रात्रीं मीं तें त्याच्या खोलींत नेऊन ठेवलें. त्यानें तें चहूंबाजूंनीं पाहिलें.

“बाबा, एकच स्विच?”

“पुरतो.”

त्यानें खटका दाबला. कांहींच आवाज आला नाहीं. तो माझ्याकडे पाहूं लागला.

“थांब जरा,” मीं म्हणालों, “तापूं दे.”

व्हॉल्व्हच्या कांचेंत नारिंगी उजेड हळूहळू चढत गेला. तीं पंधरा-वीस सेकंदें आम्ही दोघे न बोलतां शेजारीं उभे होतों. मग त्यानें एक तार छेडली.

नोकरी त्यानें सोडलीच. माझें मत बदललेलें नाहीं, आणि तें त्याला ठाऊक आहे. परंतु आतां जेवायला तो स्वतःच मला हांक मारतो.