नागभीड जंक्शन, सोळा फूट बाय अडीच फूट

चंद्रपूरला चाललेय असं कुणालाही सांगा, समोरून एकच प्रश्न येतो, ‘ताडोबा का? कुठलं गेट?’ मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही नावं हल्ली लोकांना मल्टिप्लेक्सच्या नावांसारखी पाठ असतात. आमच्याकडे मात्र ना जिप्सीचं बुकिंग होतं, ना दुर्बीण. पाच मीटरचा स्टीलचा टेप होता, एक चौकटींची वही होती आणि एक सॉलिड वेडा मित्र होता.

हा मित्र मूळचा चंद्रपूरचा. नोकरी पुण्यात, काम मोटारींच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. मात्र चार दिवस सुट्टी मिळाली की गडी थेट चंद्रपूरचं घर गाठतो. तिथे वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो नागभीड जंक्शन बांधतोय. खरंखुरं, पण ८७ पट लहान. आणि आजचं नाही, नॅरोगेजच्या काळातलं.

आता नागभीड कुठे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायलाच हवं. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणारा रेल्वेमार्ग मूल, राजोली, सिंदेवाही करत इथे येतो आणि पुढे ब्रह्मपुरी, वडसा असा जातो. नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे येणारा फाटाही इथेच मिळतो. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८ मध्ये इथे जे रूळ आणले ते नॅरोगेजचे, दोन रुळांतलं अंतर अडीच फूट. गोंदिया ते चांदा फोर्ट मार्ग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. नागपूर फाट्यावर मात्र साधारण १०६ किलोमीटरची ती छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ पर्यंत धावत होती. मग तीही थांबली आणि ब्रॉडगेजचं काम हाती घेतलं गेलं. मित्र लहानपणी आजीबरोबर इतवारी स्टेशनहून त्या गाडीत बसायचा. ‘आजी डबा उघडायची, आम्ही जेवून घ्यायचो, हात धुवून यायचो, तरी उमरेड काही यायचं नाही,’ असं तो मोठ्या कौतुकाने सांगतो.

पण छंद म्हणून छोट्या रेल्वेचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते पुण्यात. कोथरूडला संगम प्रेसजवळ भाऊसाहेब जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. पुण्यात वर्षानुवर्षं राहून तुम्ही ते पाहिलं नसेल तर या वीकएण्डला आधी तिथे जा. दिवे मंद होतात, गावातले दिवे लागतात आणि एकाच वेळी कितीतरी गाड्या एकमेकींना न धडकता फिरायला लागतात. पोरं गाड्यांकडे बघतात. आमचा मित्र वाकून टेबलाच्या खाली बघत होता, वायरी कुठून जातात ते शोधत.

तिथून परतल्यावर त्याने कॅल्क्युलेटर काढला, आणि मला वाटतं, या सगळ्या भानगडीतला सगळ्यात भारी क्षण तोच. मॉडेल रेल्वेत जगभर सगळ्यात जास्त चालतो तो एचओ स्केल, म्हणजे १:८७. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद. ८७ ने गुणलं की १४३५ येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, ८७ ने भागलं तर १९ च्या वर जातो. म्हणजे आपली एक्सप्रेस त्या तयार रुळांवर ठेवली की जाड्या माणसाने भावाची टाइट पॅण्ट घातल्यासारखी दिसते. आता नॅरोगेज घ्या. ७६२ भागिले ८७, बरोबर ८.७६. आणि एन स्केलचे तयार रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. पाव मिलिमीटरचाही फरक नाही! ‘अगं, पाहा ना, हे रूळ तर नागभीडसाठीच बनवून ठेवले ना त्यांनी,’ तो म्हणाला. इंजिन कुठून आणायचं, हाही प्रश्न त्याने सोडवलाय. एन स्केलच्या इंजिनाचा सांगाडा घ्यायचा आणि वरची बॉडी थ्रीडी प्रिंट करायची. मापं घ्यायला नागपूरचं मोतीबाग आहेच. तिथे डिसेंबर २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे.

आता बेसबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर हे सगळं उभं राहतं ते टेबल. इथे घरात महाभारत झालं. काकूंचं म्हणणं सरळ होतं, ‘सागाच्या गावात प्लायवुड आणते काय कोणी?’ आणि मुद्दा बिनतोड आहे. आलापल्ली-बल्लारपूर पट्ट्यातल्या सागाची शान काय सांगावी, अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते याच भागातून. पण रुंद सागाची फळी ऋतूप्रमाणे हलते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते जागच्या जागी राहतं. शेवटी तह झाला. एका जुन्या घराची सागवानी चौकट चिरून तिच्या पट्ट्यांची जाळी केली, दर फूटभरावर एक आडवी पट्टी, आणि वर १२ मिलिमीटरचं प्लाय. वाळवी आली तरी खालून सुरुवात करायची तिची हिंमत होणार नाही. चार-चार फुटांचे चार बोर्ड, नट-बोल्टने जोडलेले. का? तर जिन्यातून उतरवता यायला हवेत.

सोळा फूट म्हणजे पाच मीटरच्या आत. १:८७ मध्ये सव्वाचारशे मीटरचं खरं स्टेशन त्यात मावतं. फलाट, दोन-तीन लूप आणि दोन्हीकडचे सांधे, बस्स. नागपूरपर्यंतचा मार्ग करायचा तर बाराशे मीटर लांब खोली लागेल. काकू तेवढ्या सहनशील नाहीत.

आणि चंद्रपूरचं ऊन! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हिवाळ्यात पहाटे दहा-बारावर येतो. मॉडेलचे रूळ निकेल-सिल्व्हरचे. पाच मीटर लांबीत एवढ्या फरकाने ते तीनेक मिलिमीटर वाढतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फटी ठेवल्या नाहीत तर भर दुपारी रूळ कमानीसारखा वर येतो आणि गाडी आडवी. परदेशी पुस्तकांत ओलसर तळघराची काळजी असते, आमच्याकडे पत्र्याच्या छताची. म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर सोल्डर केलेली, दोन रुळांच्या जोडावर विजेची जबाबदारी टाकायचीच नाही.

वायरींचा विषय निघालाच आहे तर सांगते. घाबरू नका, मलाही समजलं. जुनी पद्धत अशी, की रुळांत १२ व्होल्टचा डीसी सोडायचा. व्होल्टेज वाढवलं की गाडी पळते, प्लस-मायनस उलटे केले की मागे येते. गोची एकच, एका रुळावर दोन इंजिनं असली तर दोघंही एकदम सुटतात. म्हणून ट्रॅकचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला वेगळा स्विच. नवी पद्धत डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डीसीसी. इथे रुळांत व्होल्टेज कायम सारखंच, पंधराच्या आसपास. फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि त्या उलटण्यातच निरोप दडलेला असतो. ५८ मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे १, शंभरचा म्हणजे ०. इंजिनाच्या पोटात डिकोडर, त्याला स्वतःचा नंबर. ऑफिसच्या ग्रुपवरच्या मेसेजसारखं, मेसेज जातो सगळ्यांना, उठायचं मात्र ज्याला टॅग केलंय त्याने. (इंजिनं उठतात तरी.) मित्राने तयार कंट्रोलर न घेता अर्डुइनो बोर्डावर, फुकट मिळणाऱ्या डीसीसी प्लस प्लस प्रोग्रामवर काम भागवलंय.

खरी कसोटी वेगाची, आणि तीही कमी वेगाची. ताशी ३० किलोमीटरची गाडी १:८७ मध्ये सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर सरकते. सोळा फूट जायला पन्नास सेकंद! एवढ्या हळू मोटर चालवली तर ती अडखळते, चाकाखाली धूळ आली तर मरते. झाडावरची माकडं मोजता येतील अशा चालीने ती गाडी जायला हवी, यासाठी त्याने इंजिनात छोटा कपॅसिटर बसवलाय, वीज क्षणभर तुटली तरी ते ढकलत राहतं. मी पाहिली ती चाल. आजीचा डबा उघडून होईल अशीच.

पण मला जे खरंच विचारात पाडून गेलं ते सिग्नलचं लॉजिक. खऱ्या रेल्वेत ट्रॅक सर्किट असतं. रुळांतून बारीक करंट वाहतो आणि रिले उचलून धरतो, गाडी आली की चाकं-आस तो करंट शॉर्ट करतात, रिले पडतो, सिग्नल लाल. वायर तुटली तरी रिले पडतोच, म्हणजे बिघाड झाला तरी लालच. मॉडेलमध्ये सहसा उलटं असतं. इंजिनाने करंट ओढला तर ‘गाडी आहे’. वायर तुटली तर करंट शून्य, म्हणजे ‘रूळ मोकळा’, चला हिरवा! मित्राला हे सहन होईना. त्याने प्रत्येक विभागाला सतत थोडा करंट ओढणारा एक रेझिस्टर लावला. तेवढाही करंट दिसला नाही की सॉफ्टवेअर सिग्नल लाल करतं. ‘खेळण्यात कोण मरते?’ असं मी विचारलं. ‘मी काय खेळणं बनवून राहिलो काय?’ असं तो म्हणाला, आणि दोन मिनिटं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी चांदा फोर्टहून निघाल्यावर कारण कळलं. शहर संपलं की लगेच जंगल लागतं, जुनोना, चिचपल्ली, केळझर. १५ नोव्हेंबर २०१८ ला चिचपल्लीजवळ या मार्गावर रेल्वेच्या धडकेने वाघाचे तीन बछडे मेले. नॅरोगेजची चाल गेली, ब्रॉडगेज आला, आणि मालगाड्याही. मित्राच्या बोर्डच्या एका टोकाला सव्वा फुटाचं जंगल आहे, बांबू आणि साग, तारेचे आणि वाळल्या गवताचे. तिथे दोन सेन्सरच्या मध्ये गाडी आली की हातातला नॉब कितीही फिरवा, वेग ठरावीक आकड्याच्या वर जातच नाही. कोडमध्ये ही फक्त एक ओळ आहे.

नागभीडला आम्ही फलाटावरून जमेल तेवढी मापं घेतली. फलाटाची उंची, कठड्याची जाडी, झाडाखालच्या बाकाची लांबी. रुळांच्या पलीकडे जुन्या यार्डाची जागा म्हणून त्याने जिकडे बोट दाखवलं, तिकडे मला खडी आणि झुडपं दिसली. त्याला काय दिसत होतं कोण जाणे, वहीत तो भराभर रेघा मारत होता. जुने फोटो कुणाच्या घरी निघाले तर निघाले. मला विचाराल तर घाई करायला हवी. नॅरोगेजवर काम केलेली माणसं आता आजोबा झालीत, आणि सांधा कुठे होता हे गूगल सांगणार नाही.

पुढे ब्रह्मपुरी सोडलं की वैनगंगेचा पूल, आणि पलीकडे वडसा. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे बघायची तर इथेच. वडसा ते गडचिरोली असा ५२ किलोमीटरचा नवा मार्ग बांधायला घेतलाय. मित्राने बोर्डच्या पूर्वेकडच्या कडेला दोन भोकं आधीच पाडून ठेवलीत, उद्या वडशाचा बोर्ड जोडायला.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. या मार्गावर गाड्या मोजक्याच, त्यामुळे वेळ आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर चंद्रपूर-मूल-सिंदेवाही-नागभीड अशी एसटी पकडा. रुळांवर उतरू नका, गुन्हा आहे. आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघ गेटच्या आतच राहतो असा काही नियम नाही, तेव्हा संध्याकाळी पायी भटकंती नको. फोटो काढताना फ्रेममध्ये उघडलेला टेप असू द्या, म्हणजे घरी आल्यावर माप काढता येतं.