दोन लोटे पाणी

जैसलमेरकडच्या एका मेंढपाळाचं दोन लोटे पाणी मी देणं लागतो.

आपल्याकडं नान्नजला माळढोक पक्षी दिसेनासा होत चालला, म्हणून तो पाहायला मी जैसलमेरच्या मरू राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. उद्यान म्हणायचं ते कागदावर. तीन हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा. सेवण गवत, रुई, रेती आणि मधूनच एखादी ढाणी, म्हणजे छोटी वस्ती. माळढोक काही दिसला नाही. उन्हं चढल्यावर गाडी रुतली, आणि पाण्याच्या कॅनला चीर गेलेली तेव्हाच कळली. ड्रायव्हर गाडीपाशी थांबला. मी मेंढ्यांच्या लेंड्यांचा माग धरून निघालो.

टेकाडांमधल्या सपाटीवर लाकडी झाकणांची भोकं होती, माणूस जेमतेम उतरेल एवढी. मला वाटलं, धान्याची पेवं असावीत. खेजडीच्या झाडाखाली बसलेले एक काका उठले. काही न विचारता त्यांनी एक झाकण सरकवलं आणि ट्यूबच्या रबराचा डोल खाली सोडला. डोल वर आला तो अर्धाच भरलेला. पाणी गार होतं आणि गोड. दुसरा लोटा मागितला तेव्हा त्यांनी एकदा आत वाकून पाहिलं, मग दिला. गाडीपाशी आणखी एक जण आहे म्हटल्यावर बाटलीही भरून दिली. मी पैसे काढले तसे ते चिडलेच. ‘पावण्याकडून पाण्याचे पैसे? लोकांना तोंड कसं दाखवू?’

ही बेरी. काही गावांत तिला कुंई म्हणतात. पाऊस वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर, खोलवरचं पाणी बहुतेक खारं. पण जिथं रेतीखाली जिप्समची पट्टी असते, तिथं मुरलेला पाऊस तिच्यावरच अडतो आणि रेतीच्या कणांत ओल होऊन राहतो. बेरी खणली की ही ओल थेंबाथेंबानं तिच्यात झिरपते. तोंड अरुंद, म्हणजे वाफ कमी. आत उकडून जीव घाबरा होतो, म्हणून खणताना वरचे लोक मुठीमुठीनं रेती जोरात खाली फेकतात. तिच्यासोबत ताजी हवा आत जाते. ती रेती लागू नये म्हणून खणणाऱ्याच्या डोक्यावर धातूचं भांडं असतं!

हे सगळं मला नंतर अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’मध्ये वाचायला मिळालं. तिथंच पुढचंही कळलं: अशी कुंई दिवसाकाठी दोन-तीन घडेच पाणी देते, आणि जमीन गावाची असली तरी ज्याची त्याची कुंई वेगळी. म्हणजे मी प्यायलो ते त्या घराचं संध्याकाळचं पाणी होतं, आणि शेजारच्या बेरीतून उपसायची सोय नव्हती.

पुढं पुन्हा तिकडं जाणं झालं तेव्हा पुण्याहून बाकरवडी नेली. काका मेंढरं घेऊन दूर चराईला गेले होते. पुडा शेजारच्या बेरीवरच्या आजींकडे दिला. त्यांनी तो पदराखाली ठेवला आणि मी नको नको म्हणत असताना आपल्या बेरीचं झाकण सरकवलं.