अडगळीच्या खोलीतली टॉकीज

मुलांनो, 'अंदाजपत्रक' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? संसदेतलं अर्थमंत्र्यांचं भाषण, टीव्हीवरची चर्चा आणि बातम्या बघताना 'गप्प बसा रे जरा' म्हणणारे बाबा! पण अंदाजपत्रक काही फक्त देशाचंच असतं असं नाही. सहलीला जाताना आई पिशवीत पैसे मोजून ठेवते तेही अंदाजपत्रकच. आज मी तुम्हाला आमच्या घरच्या एका अंदाजपत्रकाची गोष्ट सांगणार आहे. आम्ही घरात चक्क एक टॉकीज बांधायला काढली होती, त्याचं ते अंदाजपत्रक.

आमचं गाव तालुक्याचं. गावातलं एकुलतं एक थिएटर बंद पडून बरीच वर्षं झाली. आता सिनेमा बघायचा तर चाळीस किलोमीटरवरच्या शहरात जायचं. माझ्या सासूबाई, म्हणजे मुलांच्या आजी, सिनेमाच्या भारी शौकीन. पण एसटीचा प्रवास आणि वरून थिएटरच्या पायऱ्या, त्यांच्या गुडघ्यांना झेपेना. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," असं त्या म्हणायच्या. दोन-तीनदा असं झाल्यावर आमची चौथीतली धाकटी म्हणाली, "आजी थिएटरात जाऊ शकत नाही, तर थिएटरच घरात आणू या की!"

घरात मागच्या बाजूला एक अडगळीची खोली होती. जुनी ट्रंक, मोडका पाळणा, रद्दी, असं सगळं तिथं. ठरलं! दर महिन्याला अडीच हजार बाजूला ठेवायचे. दीड वर्षात किती होतील? करा बरं तोंडी गुणाकार. अठरा महिने गुणिले अडीच हजार, बरोबर ४५,००० रुपये.

मी पडले शिक्षिका. त्यामुळे आमच्या घरी कुठलीही गोष्ट वहीशिवाय सुरू होत नाही! नवी कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहिला : 'ही खोली कुणासाठी?' धाकटीनं उत्तर लिहिलं : 'आजी, आई, बाबा, दादा आणि मी.' आजीचं नाव तिनं पहिलं लिहिलं. हे पान लक्षात ठेवा हं, पुढे त्याचं काम आहे.

दुसऱ्या पानावर मोजमाप. खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद. सातवीतल्या थोरल्याला शंभर इंची चित्र हवं होतं, कारण त्याच्या मित्रानं कुणाकडे तरी तसं पाहिलं होतं. आता शंभर इंच म्हणजे काय? पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, म्हणजे कर्ण. सिनेमाचं चित्र साधारण १६ भाग रुंद आणि ९ भाग उंच असतं. त्या हिशेबानं शंभर इंची चित्र ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच होतं. ऐंशी इंची चित्र ७० इंच रुंद आणि ३९ इंच उंच. सातवीतल्यांनो, पायथागोरसला बोलवा आणि ७० नि ३९ चा ताळा करून पाहा!

मग मोठं का घेऊ नये? दोन कारणं. पहिलं, डोळे. चित्र फार मोठं आणि आपण फार जवळ, असं झालं की नजर सारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी लागते. ऐंशी इंची चित्रासमोर आठ-नऊ फुटांवर बसलं की छान दिसतं, आणि आमच्या खोलीत तेवढीच जागा होती. दुसरं कारण, उजेड. प्रोजेक्टरमधून निघणारा उजेड ठरलेला असतो. लोण्याचा तेवढाच गोळा मोठ्या भाकरीवर पसरला तर थर पातळ होतो ना, तसंच हे. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ ऐंशी इंचीच्या दीडपटीहून जास्त भरतं. म्हणजे चित्र मोठं, पण फिकं.

थोरल्याला हे पटेना. तेव्हा मी त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ मध्ये दादासाहेब लंडनला जाऊन सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. प्रवासासाठी त्यांनी स्वतःच्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या होत्या. पण आल्या आल्या त्यांनी मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभरात त्याच्या वाढीचा एक छोटासा चित्रपट केला. बघता बघता अंकुर फुटतो आणि वेल होतो! तो पाहून पैसे द्यायला माणूस तयार झाला. मग 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात झळकला. मोठा खर्च करण्याआधी लहान प्रयोग करून पाहावा, हे त्या वाटाण्यानं शिकवलं.

आमचा वाटाणा म्हणजे रद्दीतली वर्तमानपत्रं. ती जोडून आम्ही भिंतीवर आधी शंभर इंची आणि मग ऐंशी इंची 'पडदा' चिकटवला आणि आठ फुटांवर सतरंजी टाकून पाचही जण बसलो. बाबांनी तर चहासुद्धा तिथंच मागवला. पहिल्या पडद्यासमोर थोरल्याचीच मान डावी-उजवी होऊ लागली. "ऐंशी," तो आपणहून म्हणाला. खर्च शून्य!

आता पान तिसरं, म्हणजे अंदाजपत्रक. प्रोजेक्टर २०,०००. चित्राचा पडदा ४,०००. स्पीकर ७,०००. खिडकी-दाराला काळे पडदे २,५००. वायरिंग ३,०००. बसायला गाद्या आणि आजींची खुर्ची मिळून ४,०००. आणि राखीव, म्हणजे अचानक काही निघालं तर, ४,५००. बेरीज करून पाहा, बरोबर ४५,००० येते.

सोळा महिने झाले. डबा भरत आला. आणि एक दिवस आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळल्या. लागलं नाही, पण विचारलं तेव्हा कळलं की त्यांना उंबरा नीट दिसलाच नव्हता. वर्तमानपत्र वाचणंही त्यांनी कधीच सोडलं होतं. आम्हाला मात्र "बातम्यांत आता राम नाही" असं सांगत होत्या. डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि एक चांगलाच पिकलेला. मोतीबिंदू म्हणजे काय, तर आपल्या डोळ्यात एक पारदर्शक भिंग असतं, ते हळूहळू गढूळ होतं. डॉक्टर ते काढून तिथं स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात. एका डोळ्याच्या ऑपरेशनचा, औषधांचा, जाण्यायेण्याचा मिळून खर्च १८,००० सांगितला.

त्या महिन्यात घराची कौलंही बदलली होती, हातात दुसरे पैसे नव्हते. होता तो टॉकीजचा डबा. आजी म्हणाल्या, "पोरांनी दीड वर्षं वाट बघितलीय. आधी त्यांची टॉकीज होऊ द्या. माझं काय, दिवाळीनंतर बघू. या वयात मला काय बघायचंय?"

थोरला गप्प होता. खोटं कशाला सांगू, त्याचा चेहरा उतरला होता. धाकटीनं मात्र वही आणली आणि पहिलं पान आजींच्या पुढ्यात धरलं. "आजी, यात तुझं नाव पहिलं आहे. तुला दिसणारच नाही, तर मग टॉकीज कुणासाठी?" मग थोरल्यानंच पेन्सिल घेतली आणि ४५,००० मधून १८,००० वजा केले. राहिले २७,०००.

मुलांनो, अंदाजपत्रकाची खरी परीक्षा पैसे कमी पडतात तेव्हा होते. प्रत्येक ओळ पुन्हा तपासायची आणि विचारायचं, हे हवंच आहे का? याच्याऐवजी घरात काही आहे का? आम्ही तसंच केलं.

चित्राचा पडदा गेला. त्याऐवजी भिंतीला पांढरा मॅट रंग द्यायचा, ७०० रुपये. मॅटच का? चकचकीत रंगावर उजेडाची तिरीप एका जागी चमकते, मॅट रंग तोच उजेड सगळीकडे सारखा पसरवतो. नवे स्पीकर गेले. बाबांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन स्पीकर ट्रंकेत होतेच, फक्त वायर आणली, ३०० रुपये. गाद्या गेल्या, गोधड्या आल्या. काळं कापड आणून पडदे घरच्या मशिनवर शिवायचे ठरले, १,२०० रुपये.

प्रोजेक्टर १६,००० चा. इंटरनेट वगैरे काही नसलेला साधा, पण चित्राच्या बाबतीत तडजोड नाही. इथं एक युक्ती सांगते. खोक्यावर ठळक अक्षरात 'फोर-के सपोर्ट' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच, की तसा सिनेमा तो यंत्र चालवून दाखवतो. त्याचे स्वतःचे ठिपके किती, हे विचारा. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६००, सव्वादोन पट! आम्ही दुसरा घेतला आणि घरातला जुना लॅपटॉप त्याला जोडायचं ठरवलं.

दोन ओळींना मात्र कुणी हात लावला नाही. वायरिंगचे ३,००० तसेच राहिले. विजेशी काटकसर करायची नसते. अर्थिंग असलेला स्वतंत्र बोर्ड हवाच, एका प्लगात चार पिना खुपसायच्या नाहीत. आणि दुसरी ओळ, आजींची हातांची उंच खुर्ची, २,८००.

उरले ३,००० राखीव. थोरला म्हणाला, "आई, हे नुसतेच पडून राहणार. यात थोडा चांगला प्रोजेक्टर येईल की!" आम्ही मतं घेतली. चार विरुद्ध एक, राखीव राहिले. आणि खोली रिकामी केली तर काय, ट्रंकेमागच्या भिंतीला ओल! ती काढल्याशिवाय रंग टिकणार नव्हता. गवंडी, सिमेंट मिळून १,९०० गेले. थोरल्यानं मुकाट्यानं राखीवच्या ओळीत १,१०० लिहिले.

रंग वाळल्यावर एक गंमत केली. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर आवाज घुमायचा, कारण उघड्या भिंती आवाज परत फेकतात. दोन बाजूंना जाड गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी घातली, पुन्हा टाळी वाजवली. घुमणं पुष्कळ कमी! कापडाच्या मऊ थरांत आवाज मुरतो. तुम्हीही करून पाहा, याला एक पैसाही लागत नाही. आणि विजेचं म्हणाल, तर आमचा प्रोजेक्टर सुमारे १०० वॅटचा आहे. १००० वॅट तासभर वापरले की एक युनिट. मग अडीच तासांच्या सिनेमाला तो किती वीज घेईल? जेमतेम पाव युनिट.

पहिला सिनेमा आजींनी निवडला, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', दादासाहेबांच्याच धडपडीवरचा २००९ सालचा मराठी चित्रपट. काळे पडदे ओढले. सुरुवातीला नावं येऊ लागली आणि खुर्चीतून आवाज आला. आजी एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या! थोरला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, आपल्या टॉकीजमधलं सगळ्यात महाग भिंग प्रोजेक्टरमध्ये नाहीच आहे."

आता डब्यात पुन्हा अडीच-अडीच हजार पडताहेत. आजींचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. ती ओळ वहीत सगळ्यात वर आहे, आणि या वेळी ती थोरल्याच्या अक्षरात आहे.

तुमच्या घरीही काही मोठं करायचं घाटत असेल. टॉकीजच असं नाही, अभ्यासाची खोली असेल, ताईचं लग्न असेल, सायकल असेल. आईबाबांना म्हणा, हिशेबाला आम्हालाही बसवा. दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घ्या. फुकटात होणारे प्रयोग आधी करा. राखीवची ओळ खोडू नका. आणि पहिल्या पानावर लिहा : 'हे कुणासाठी?' त्या पानावर ज्यांची नावं येतील, त्यांना हिशेब झाल्यावर पान दाखवायला मात्र विसरू नका बरं!