फुल्यांनी विरोध केलेली मंडई

पुणे पाहायला आलेला पाहुणा शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठचा गणपती असा फिरत येतो, तुळशीबागेत भातुकली आणि बांगड्या घेतो आणि तिथूनच परत वळतो. पाच मिनिटांवरची मंडई राहून जाते. भाजी तर आपल्या गावातही मिळते, असे त्याला वाटते. पण ही मंडई वगळली, तर पुण्याचा एक मोठा वाद पाहायचा राहतो.

पूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरे. ऊन, पाऊस, चिखल सगळे तिथेच. नगरपालिकेने बंदिस्त बाजार बांधायचे ठरवले, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी हरी रावजी चिपळूणकरांसह त्याला विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. विरोध करणारा माणूस फुलाभाजीच्या धंद्यातल्या घरातला होता आणि त्याच सुमारास, १८८३ साली, ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा हिशेब मांडत होता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. बाजार म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

इमारत तरीही झाली. खासगीवाल्यांच्या बागेच्या जागेवर, सुमारे ३ लाख रुपये खर्चून. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचे. फर्ग्युसन महाविद्यालयाची इमारतही त्यांनीच बांधली. १८८६ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ झाली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळाले महात्मा फुले मंडई. ज्यांनी ही वास्तू नको म्हटले, त्यांचेच नाव तिच्यावर आले. हा सन्मान योग्यच आहे, पण त्यामुळे फुल्यांचा प्रश्न मिटत नाही. मनोऱ्याकडे मान वर करून पाहणाऱ्याने तोही मनात ठेवावा.

मनोरा अष्टकोनी आहे, मधोमध उभा. त्याच्या भोवती दगडी कमानींच्या पाखा पसरलेल्या. आत शिरताच बाहेरची उन्हाची काहिली मागे पडते आणि ओल्या कोथिंबिरीचा, आल्याचा, पेरूचा वास येतो. गाळेवाले उंच ओट्यावर मांडी घालून बसलेले. समोर वांगी, गवार, घेवडा उतरत्या पायऱ्यांनी रचलेले. “ताई, भोगीची भाजी घ्या, सगळं एकत्र देतो,” अशी हाक जानेवारीत ऐकू येते. ओला हरभरा, पावटा, तुरीच्या शेंगा, गाजर, वांगी यांचा तो वाटा शिजवायची सोय नसेल, तर पुरंदरचे अंजीर किंवा सीताफळ घ्यावे. हंगामात ते इथे हमखास मिळते. भाव विचारावा, घासाघीस करावी, पण गाळेवाल्याशी दोन वाक्ये बोलावीत. राजकारणापासून पावसापाण्यापर्यंत मंडईला सगळ्याचे मत असते. म्हणून तर पुण्यात ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात.

बाहेर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली मोतीलाल नेहरूंनी त्याचे अनावरण केले. जवळच बुरूड आळीत टोपल्या आणि सुपे मिळतात.

घाऊक व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आहे. मंडईत उरला तो किरकोळ बाजार, आणि तो गिऱ्हाइकावरच चालतो. म्हणून सकाळी या. भुयारी मेट्रोचे मंडई स्थानक २०२४पासून सुरू आहे, गाडी लावायची अडचण नाही. फोटो जरूर काढा, पण आत जाऊन एखाद्या गाळ्यावरून निदान पावशेर तरी काही विकत घ्या.